व्हर्नाचं अर्धं विधेयक

त्या सोमवारी सकाळी पोस्टात आलेल्या ट्रेमध्ये व्हर्नाचा चेहरा सातशे बारा वेळा होता.

आमच्या गावच्या पोस्टात मी एकवीस वर्षं पोस्टमास्तर होते. प्रचाराची कार्डं मला नवी नव्हती. ती गठ्ठ्यांनी येतात आणि लोक ती पोस्टातल्याच आपापल्या पेटीतून काढून तिथल्या तिथे कचऱ्यात टाकतात. पण त्या कार्डांवर राजधानीतली माणसं असतात. या कार्डावर माझी मैत्रीण होती. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला काढलेला फोटो, हातात केकचं ताट, तोंडभर हसू. खाली लाल अक्षरांत छापलं होतं: 'ही बाई तुमचा हक्क विकायला निघाली आहे. आमदार हार्लन ब्रेकीला फोन करा. अर्धं विधेयक पाडा.' आणि त्याखाली सही, कोरिन टटल.

मी कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. सही तीच होती.

पोस्टाचा नियम सरळ आहे. शुल्क भरून आलेलं टपाल पेटीत पडलंच पाहिजे. सातशे बारा पेट्यांत मी सातशे बारा कार्डं टाकली. अठ्ठ्याऐंशी नंबरची पेटी व्हर्नाची. तिथे माझा हात अडला, पण टाकलं.

साडेनऊला ती आली. कार्ड काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आर्डिथ, हा फोटो तूच काढला होतास ना?"

"हो. पण मी दिला नाही गं कुणाला!"

"तू नाही दिलास. मीच दिला होता. कोरिनला." तिने सहीवर बोट ठेवलं. "हे तिनेच पाठवलंय? की नुसतं नाव वापरलंय तिचं?"

मी शिक्का उचलला आणि पुढच्या पाकिटावर मारला.

व्हर्ना ओल्डनकँप म्हणजे आमच्या जिल्ह्याची घरोघर जाणारी नर्स. तेव्हा वय अडुसष्ट, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, तरी कुणाची जखम चिघळली की लोक आधी तिलाच फोन करायचे. आमच्याकडे एका पेशंटच्या दारापासून दुसऱ्याच्या दारापर्यंत चाळीस मैल पडतात. मध्ये गव्हाची शेतं, वारा, आणि फोनला रेंज नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पिकअपने तिचा वीस मैल पाठलाग केला होता. तिच्या बॅगेत मरणपंथाला लागलेल्या एका म्हाताऱ्याचं मॉर्फीन होतं, आणि पिकअपमध्ये त्याच्या नशेला चटावलेला त्या म्हाताऱ्याचाच नातू. ती एका शेतघरात शिरली म्हणून वाचली. त्यानंतर ती गाडीत पिस्तूल ठेवायला लागली. महिन्याभरात एका पोलिसाने तिला अडवलं, तिने खरं ते सांगितलं, आणि तिच्या हातात बेड्या पडल्या. परवाना नव्हता. तो मागायला गेली तर तेव्हाचा शेरीफ हसून म्हणाला, "बाई, पर्समध्ये लिपस्टिक ठेवा. ती जास्त शोभते."

व्हर्ना तिथून थेट हार्लन ब्रेकीच्या शेतावर गेली. हार्लन तेव्हा नुकताच विधानसभेत निवडून गेला होता. तो ट्रॅक्टरखालून बाहेर आला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सगळं एकदम मागशील तर तुला दारातूनच परत पाठवतील. एक ओळ माग."

तिने एक ओळ मागितली. परवाना नाकारला तर शेरीफने कारण लिहून द्यावं, एवढीच. ती ओळ कायद्यात यायला चार वर्षं लागली. पण कारण लिहावं लागलं की लोक नकार द्यायचे कमी होतात, हे दवाखान्यातल्या फॉर्मांमुळे तिला आधीच ठाऊक होतं. तसंच झालं. मग दुसरी ओळ: कारण नसेल तर परवाना द्यावाच लागेल. मग तिसरी: परवाना एका वर्षाऐवजी पाच वर्षांचा. मग चौथी: कामाच्या ठिकाणी बंद गाडीत पिस्तूल ठेवता यावं. दर वर्षी जानेवारी ते मार्च ती रजा घेऊन, चार तास गाडी चालवून राजधानीला जायची. पगार नाही, पद नाही. पंचवीस वर्षांत सहा ओळी.

"लकवा झालेला माणूस पहिल्या दिवशी चालत नाही," ती म्हणायची. "आधी पलंगावर बसवायचं, मग उभं करायचं. घाई केलीत तर पडतो आणि कंबर मोडून घेतो."

कोरिन टटलला मी ती लहान असल्यापासून ओळखते. नवऱ्याबरोबर शेती करायची. त्या कार्डांच्या बारा वर्षं आधी धान्य कोठीत चढवणाऱ्या ऑगरमध्ये तिचा उजवा हात गेला. तीन बोटं गेली. शहरातल्या दवाखान्यातून घरी आल्यावर तीन महिने रोज व्हर्नाने तिच्या हाताची पट्टी बदलली. डाव्या हाताने लिहायला शिकवलं, डाव्या हाताने नेमही धरायला शिकवला. व्हर्नाला मूलबाळ नव्हतं. कोरिनसारखी मुलगी असती तर, असं ती एकदा माझ्याजवळ बोलून गेली होती.

मग कोरिनने परवान्यासाठी अर्ज केला. अर्जाबरोबर दहा बोटांचे ठसे लागतात. तिला सातच बोटं. अर्ज परत आला, शेरा होता 'ठसे अपुरे'. तिने डॉक्टरचं पत्र जोडलं. पुन्हा परत, पुन्हा तोच शेरा. अकरा महिने हा खेळ चालला. त्या काळात तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि ती दोन पोरींना घेऊन शेतावर एकटी असायची.

व्हर्ना तिला म्हणाली, "पुढच्या अधिवेशनात एक ओळ घालू. बोट नसेल तर ठसा लागणार नाही."

कोरिनने तुटका हात तिच्यासमोर धरला. "व्हर्ना, माझा हक्क आहे की नाही ते सांगा. असेल तर मी ठसे कशाला देऊ? आणि नसेल तर तुमच्या ओळीने तो कुठून येणार?"

"हक्क आहे गं. पण तो घरापर्यंत आणावा लागतो."

"पंचवीस वर्षं आणताय!"

त्यानंतर ती त्या दुसऱ्या मंडळींकडे गेली. त्यांच्या संघटनेचं नाव लांबलचक होतं. आम्ही त्यांना 'बिनतडजोडवाले' म्हणायचो. परवाना म्हणजेच अपमान, असं ते मानायचे. सगळं द्या, नाहीतर काहीच नको. कोरिनचं बोलणं धारदार होतं, आणि खोटं नव्हतं. दोन वर्षांत ती त्यांची जिल्हा संघटक झाली.

त्या वर्षीचं विधेयक हे व्हर्नाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम होतं. स्वतःच्या गाडीत आणि स्वतःच्या जमिनीवर परवान्याची गरजच नाही, गावात मात्र आहे तसाच परवाना. आणि शेवटच्या कलमात ती बोटांची ओळ. छत्तीस मतं हवी होती. पेन्सिलीने लिहिलेल्या यादीत तिच्याकडे अडतीस नावं होती.

मतदानाच्या आधी समितीसमोर सुनावणी झाली. मी रजा घेऊन तिला गाडीने घेऊन गेले होते. कोरिन विरोधात बोलायला उभी राहिली तेव्हा मला वाटलं, निदान सांभाळून बोलेल. तिने उजवा हात वर धरला.

"मिसेस ओल्डनकँप म्हणतात की हे विधेयक माझ्यासाठी आहे," ती म्हणाली. व्हर्ना माझ्या शेजारी दचकली. बारा वर्षांत कोरिनने तिला आडनावाने हाक मारली नव्हती. "माझ्या शेतावर मी माणूस आणि गावात पाय ठेवला की अर्जदार? हे अर्धं मंजूर केलंत की तुम्ही हात झटकून मोकळे व्हाल. उरलेलं अर्धं मागायला मग पंचवीस वर्षं कोण येणार? हे पाडा. आणि पुरं विधेयक आणा."

तरीही व्हर्नाची यादी बदलली नाही. "ही बंदुकीवाली माणसं आहेत," ती मला म्हणाली. "बंदुकीच्या विधेयकाला विरोधाचं लाल बटण कसं दाबतील?"

आठवड्याने मतदान झालं. आम्ही वरच्या गॅलरीत बसलो होतो. भिंतीवरच्या फलकावर दिवे लागायला लागले. हिरवा, हिरवा, लाल, हिरवा. व्हर्नाची पेन्सिल एकेका नावावरून खाली सरकत होती. मग अचानक ती थांबली. तिच्या यादीतल्या चार नावांपुढे लाल दिवे होते. चौघेही बिनतडजोडवाल्यांनी निवडून आणलेले. चौतीस हिरवे. विधेयक पडलं.

गॅलरीत आमच्या डावीकडे कोरिनच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी उजवीकडूनही टाळ्या आल्या. तिथे बसले होते बंदुकांवर आणखी बंधनं मागणारे लोक, सगळे केशरी शर्टांत. दोन्हीकडच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांचे हात हवेतच थांबले. एक केशरी शर्टातली म्हातारी कोरिनकडे बघून गोंधळून हसली. कोरिनने मान फिरवली.

व्हर्ना रडली नाही. तिने डाव्या हाताचा हातमोजा उजव्या हातात चढवायला घेतला, चढेना, तरी ओढत राहिली. बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाली, "माझी गाडी कुठे लावली मी?"

"व्हर्ना, गाडी माझी आहे. आपण माझ्या गाडीने आलोय."

"हो का," ती म्हणाली, आणि तिथेच बर्फावर बसली. परतीच्या वाटेवर, दोन तासांनी, ती म्हणाली. "लाल बटण दाबलं गं त्यांनी."

हे सगळं मार्चमधलं. ऑक्टोबरमध्ये डेल्बर्ट फॉगला अटक झाली.

डेल्बर्ट म्हणजे शाळेच्या बसचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं गावातलं प्रत्येक पोर त्याच्या बसमधून गेलं होतं. शनिवारी तो बायकोला डायलिसिसला नेत होता, स्वतःच्या गाडीतून. मागचा दिवा फुटला होता म्हणून पोलिसाने थांबवलं. सीटखाली, जॅकेटच्या घडीत, पिस्तूल होतं. वासरांच्या मागे कोल्हे लागायचे म्हणून ठेवलेलं, काढायचं राहून गेलेलं. परवाना नाही. गुन्हा नोंदला गेला. शाळेने सोमवारी बसच्या किल्ल्या परत मागितल्या. असा गुन्हा अंगावर असलेल्या माणसाला मुलांची बस चालवता येत नाही.

व्हर्नाचं विधेयक मंजूर झालं असतं तर त्या शनिवारी काहीच घडलं नसतं. पोलिसाने फुटक्या दिव्याच्या दंडाची चिठ्ठी फाडून दिली असती आणि डेल्बर्ट पुढे गेला असता.

दुसऱ्या दिवशी तो व्हर्नाच्या घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. टोपी काढून दाराशी उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

"व्हर्ना, तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "ते कार्ड आलं होतं ना, तुझ्या फोटोचं. मी हार्लनला फोन केला होता. पाडा म्हणून सांगितलं."

व्हर्नाच्या हातात कॉफीचं भांडं होतं. ती ओतत होती, कप भरला, कॉफी बशीत आली, टेबलावर आली, तरी तिचा हात थांबेना. मी भांडं काढून घेतलं.

"का रे?" तिने विचारलं. तेवढंच.

"कार्डावर लिहिलं होतं की तू आम्हाला विकतेयस. मला वाटलं, असेल काहीतरी. वाचलं कुठे होतं मी ते विधेयक."

ती त्याच्या बाजूने कोर्टात उभी राहिली. त्याला आपण चाळीस वर्षं ओळखतो, त्याची आई आपल्याच हातांत वारली, वगैरे सांगितलं. न्यायाधीशाने तुरुंगात नाही पाठवलं. नोंद मात्र राहिली, आणि नोकरी गेली ती गेलीच.

कोरिनला ही बातमी पोस्टातच कळली. मीच सांगितली, आणि जरा जोरातच सांगितली.

"ही कायद्याची चूक आहे," ती म्हणाली. "माझी नाही. तो कायदाच नसायला हवा होता, हेच तर मी म्हणतेय."

"तो कायदा त्याच्यापुरता मार्चमध्येच गेला असता, कोरिन."

ती बाहेर गेली. मला खिडकीतून दिसत होतं. अर्धा तास ती पिकअपमध्ये बसून होती, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर.

पुढच्या उन्हाळ्यात पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुका झाल्या. बिनतडजोडवाल्यांनी तीन जुन्या आमदारांना घरी बसवलं. हार्लन एकतीस मतांनी कसाबसा वाचला. त्याच्याविरुद्ध दारोदार फिरणारी कोरिनच होती. जानेवारीत पुरं विधेयक आलं: परवानाच नको, ठसेही नकोत, फक्त कोर्ट आणि शाळा वगळून. मोजदाद झाली तेव्हा सगळं काठावर होतं. हार्लन आणि त्याच्यासारखे तिघे म्हातारे आमदार कुणालाच हो म्हणत नव्हते. हार्लनने उघडच सांगितलं, "व्हर्ना समितीपुढे काय म्हणते ते बघतो, मग ठरवतो."

व्हर्ना सूड घेणार, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती, आणि मला ते चालणार होतं. राजधानीच्या वाटेवर मी तिला विचारलंही. "पुऱ्या विधेयकाला आणखी बारा वर्षं लागतील, असं मी धरलं होतं," एवढंच ती म्हणाली.

सुनावणीची खोली खच्चून भरली होती. आधी विरोधातली माणसं बोलली. त्यांत व्हर्नाच्या जुन्या दवाखान्यातली एक नर्स होती. गोळी लागलेल्या पोराचं पोट तिने कसं धरून ठेवलं होतं, ते तिने सांगितलं. पिस्तूल हाताळायच्या शिकवणीशिवाय ते कुणाच्याही कमरेला येणार, हे तिला भयंकर वाटत होतं. व्हर्नाने मान खाली घालून ऐकलं. असली पोटं तिनेही धरली होती.

मग तिचं नाव पुकारलं. अध्यक्षांनी विचारलं, "समर्थनात की विरोधात?"

"समर्थनात," व्हर्ना म्हणाली.

खोलीत कुणीतरी "काय?" असं मोठ्याने म्हणालं. ती मीच होते असं नंतर लोकांनी सांगितलं. पुढच्या रांगेत कोरिन गर्रकन वळली. तिच्या मांडीवरचे कागद खाली पडले, ते उचलायचंही तिला सुचलं नाही.

"गेल्या वेळी मी अर्धं मागितलं होतं," व्हर्ना म्हणाली. "या मंडळींनी मला तेही मिळू दिलं नाही. आज पुरं मिळतंय. अर्ध्याला हो म्हणणारी बाई पुऱ्याला नाही कशी म्हणेल? माझ्या मते शिकवणी हवीच. ती कायद्यात नाही याचं मला वाईट वाटतं. आमच्या गावात मी ती फुकट देईन, ज्याला यायचंय त्याने यावं. आणि एक. दोन वर्षांपूर्वीच्या त्या मतदानामुळे आमच्याकडचा एक माणूस कामाला मुकला. त्याचं नाव डेल्बर्ट फॉग. पुढे बसलेल्यांनी ते लिहून घ्यावं."

ती उठली आणि चालू लागली. हार्लनने तोंडावरून हात फिरवला.

विधेयक एकोणचाळीस मतांनी मंजूर झालं. या वेळी टाळ्या एकाच बाजूने आल्या. व्हर्नाने वाजवल्या नाहीत. ती यादीकडे बघत होती.

"दोन वर्षं, आर्डिथ," ती म्हणाली. "मी बारा म्हणत होते. तिने दोन वर्षांत आणलं. मग मी चुकले का?"

मला डेल्बर्टकडून परत घेतलेल्या बसच्या किल्ल्या आठवल्या. आणि कोरिनचे ते अकरा महिनेही आठवले. मी तिला तिचा कोट दिला.

एप्रिलमध्ये कोरिन व्हर्नाच्या घरी आली. ही भेट मला व्हर्नाने जशी सांगितली तशी सांगते. कोरिन बसली नाही. म्हणाली, "त्या कार्डावर फोटो घालायचं मी ठरवलं नव्हतं. संघटनेतल्या वरच्यांनी मागितला, मी दिला."

"आणि मजकूर?"

"मजकूर माझा." तिने नजर चुकवली नाही. "मला तेव्हा तसंच वाटत होतं. आजही थोडं वाटतं."

व्हर्ना म्हणते, माफी मागितली असती तर मी तिला हाकललं असतं, पण हे खरं तरी होतं. मग व्हर्ना तिला म्हणाली, "माझ्याकडे काय येतेस? डेल्बर्टकडे जा."

कोरिन गेली. दोघांमध्ये काय बोलणं झालं ते कुणालाच माहीत नाही. पण पुढच्या जानेवारीत राजधानीला जाताना माझ्या गाडीत मागच्या सीटवर कोरिन बसली होती. काम होतं जुन्या कायद्याखाली सापडलेल्यांच्या गुन्ह्यांच्या नोंदी पुसण्याचं.

"सगळ्यांच्या पुसायच्या," कोरिन म्हणाली. "एकजात."

"आधी ज्यांच्यावर दुसरा कुठलाच गुन्हा नाही त्यांच्या," व्हर्ना म्हणाली. "बाकीचं पुढच्या वर्षी."

"झालं सुरू!"

"तू मागे गप्प बस."

चार तास दोघी भांडत होत्या. ते विधेयक त्या वर्षी समितीतच अडकलं. डेल्बर्टची नोंद अजून तशीच आहे, सध्या तो धान्याच्या कोठीवर ट्रक चालवतो. शाळेने बसवर नवीन माणूस घेतलाय, तोही बरा आहे म्हणतात.